पाठीमागून ऐकलेला मृदुंग

रितेशचं चष्म्याचं दुकान रत्नागिरीत मारुती मंदिराच्या चौकातून जरा आत वळलं की लागतं. आठवडाभर तो लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारत असतो, "हे जास्त स्पष्ट, की हे?" माणसं बावचळतात. आधी पहिलं म्हणतात, मग दुसरं, मग "परत एकदा पहिलं लावा" म्हणतात. रितेश त्यांच्यावर कधी वैतागत नाही, कारण रविवारी सकाळी त्याच खुर्चीत बसून तो स्वतःच्या कानांशी हेच करतो.

रविवारी दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली ओढून आत पाच-सहा जण जमतात. प्रत्येकाजवळ एक छोटी चेनची पिशवी, आणि पिशवीत गुंडाळून ठेवलेले वायरवाले इअरफोन. "आता वायर कोण वापरतं?" हे वाक्य सगळ्यांनी आपापल्या घरी ऐकलेलं आहे. एकमेकांचे इअरफोन कानात घालायचे, तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं, मग तोंड वाकडं करायचं नाहीतर मान डोलवायची, असा सगळा कार्यक्रम. त्यांचा एक लाडका शब्द होता, इमानी. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते पदरचं काही न घालता कानापर्यंत आणून देणारा आवाज म्हणजे इमानी आवाज. चिरागनं काढलेला शब्द. चिराग बंदरावरच्या कोळ्याच्या घरातला. बोटींवरचे वायरलेस आणि मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करायचा. हात माशांच्या वासाचे, पण कान फार बारीक.

या सगळ्यांत रितेशची एकच तक्रार ठरलेली होती. कुठलाही इअरफोन ऐकून झाला की तो म्हणायचा, "चांगला आहे, पण खालचं कमी पडतंय."

"बास?" कोणीतरी विचारायचं, आणि लग्नाच्या डीजेला शोभेल असा एखादा दणकेबाज इअरफोन त्याच्या हातात द्यायचं.

रितेश तोही ऐकायचा आणि काढून ठेवायचा. "हा नुसता धक्का आहे. मला पाहिजे ते उबदार असतं. कानात येतं असं वाटतच नाही."

गेली कित्येक वर्षं तो हे उबदार काहीतरी शोधत होता. बायको निशिगंधा हसायची. "आधी कानात बोळे घालून बसतोस आणि मग म्हणतोस, ऐकू येत नाही," असं ती म्हणायची.

श्रावणातल्या एका रविवारी या गप्पांना वेगळंच वळण लागलं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई त्यांच्यात यायच्या. त्यांनी कानातला इअरफोन काढला आणि विचारलं, "आपण इमानी इमानी म्हणतो, पण कोणाशी इमानी? तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेला असा कुठला आवाज आहे, जो मनात धरून तुम्ही हे सगळं मोजता?"

"बोटीचं इंजिन," चिराग लगेच म्हणाला. सगळे हसले. "हसू नका. डोळे मिटून सांगतो, त्याला कुठं खोकला झालाय ते."

बँकेतल्या एकाने आजोबांच्या पायपेटीचं नाव घेतलं. मग सगळे रितेशकडे वळले. त्याने भिंगांची पेटी उघडली, मिटली, आणि तो म्हणाला, "आमच्या बाबांचा मृदुंग."

हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. निशिगंधालाही नाही. सांगण्यासारखं फारसं होतंच कुठे?

रितेशचं गाव लांज्यापासून आत. शेतकऱ्यांची वाडी; घराघरातला एक तरी माणूस मुंबईत. त्याचे वडील, आनंदा, तिकडे एका छापखान्यात होते. वर्षातून दोनदा घरी यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीत वाडीचा जाखडीचा नाच घरोघरी फिरायचा. पायात चाळ बांधलेले नाचणारे गोल फिरायचे, आणि गोलाच्या मध्ये गाणारा बुवा, झांजवाला आणि मृदुंगावर आनंदा, त्यांच्याजवळ छोटा रितेश. रितेश तिसरीत असताना आनंदा मुंबईत आजारी पडले ते परत आलेच नाहीत. तेव्हा वाडीत टेपरेकॉर्डर नव्हता. त्यांचा एक फोटो आहे, छापखान्याच्या ओळखपत्रावरचा. आवाज कुठेच नाही. रितेशला तर त्यांचं बोलणंही आठवत नव्हतं. ते कसे हाक मारायचे, कसे रागवायचे, काहीच नाही. आठवायचा तो एक मृदुंग. त्याची ती खालची धूम, जाड, गोधडीसारखी.

"मग जाऊन रेकॉर्ड करूया ना," चिराग म्हणाला. "नाच अजून आहे ना वाडीत?"

"आहे. गणपतीच्या आधी रविवारी सकाळपासून तालीम असते."

"ठरलं तर. माइक माझे."

पुढच्या रविवारी दोघं निघाले. हातखंब्यापर्यंत पावसाची सर होती, पालीच्या पुढे लख्ख ऊन पडलं. कातळाच्या सड्यावर पिवळी-जांभळी फुलं पसरली होती. चिरागनं गाडी थांबवून खिडकी उघडली, नुसतं ऐकलं आणि म्हणाला, "इकडे आवाजाला किती जागा आहे रे. आमच्याकडे बंदरावर एक आवाज संपायच्या आत दुसरा त्याच्या उरावर बसतो."

तालीम देवळासमोरच्या सहाणेवर होती. पालखी टेकवायचा ओटा, वर पत्र्याची शेड. मुंबईची मंडळी अजून यायची होती. वाडीत राहणारे आठ-नऊ जण जमले होते. गाणारे शिवाकाका पंचाहत्तरीला टेकलेले. आनंदाच्या काळापासून बुवा तेच. मृदुंगावर सागर होता. मुंबईतली नोकरी गेल्यावर तो गावी आला, आता लांज्याला काजूच्या कारखान्यात जायचा. त्याने मांडीवर मृदुंग घेऊन धुमेच्या बाजूला, म्हणजे डाव्या जाड पुडीला, भिजवलेली कणीक थापली आणि थाप मारून पाहिली.

चिरागनं दोन माइक दोन कानांइतक्या अंतरावर बांधले आणि स्टँड गोलाच्या मधोमध, वादकांच्या जवळ उभा केला. "समोर नको?" सागरनं विचारलं. "लोक तर बाहेर उभे राहून बघतात."

"रितेश आत बसायचा ना?" चिराग म्हणाला. "मग आतच."

शिवाकाकांनी गण सुरू केला. नाचणाऱ्यांनी पाय टाकला. रितेशने हेडफोन डोक्याला लावले होते. एक-दोन मिनिटांनी त्याने ते काढून चिरागच्या कानावर चढवले. चिरागचे डोळे मोठे झाले. चाळांचा आवाज डोक्यामागून येत होता, उजवीकडून पुढे सरकत होता आणि डावीकडून परत मागे जात होता.

"अरे, हे फिरतंय!" गाणं संपल्यावर तो ओरडलाच. "आपण पैसे घालून असले आवाज शोधतो. हे तर मध्ये बसूनच ऐकायचं संगीत आहे."

नाचणाऱ्यांना मजा वाटली. त्यांनीही एकेकाने ऐकून पाहिलं. एकानं स्वतःचा चुकलेला पाय ओळखला आणि दुसऱ्यानं त्याला चिडवलं.

फक्त रितेश अजून कान देऊन शोधत होता. सगळं होतं. झांजेची किणकिण होती, पत्र्यावर चढलेल्या वानराची धाव होती, शिवाकाकांचा दम घेतानाचा आवाज होता. ती धूम मात्र नव्हती. चिरागनं माइक खाली घेतला, धुमेच्या बाजूला नेला, जवळ नेला, लांब नेला. जवळ नेल्यावर कणकेवर बसणारा तळहात ऐकू यायला लागला, बोटांची नखंसुद्धा. आवाज स्वच्छ होता. पण तो नव्हता.

मग चहा आला. रितेश शिवाकाकांच्या शेजारी जाऊन बसला.

"काका, बाबांच्या मृदुंगाचा आवाज वेगळा होता ना? जड होता."

शिवाकाकांनी बशीत चहा ओतला. "मिरदुंग त्योच हाय रे. खोड तुझ्या बापसाचंच. पुड्या बदलल्या, वाद्या बदलल्या. खोड त्येच."

"मग हाताचा फरक असेल."

"आता हाताचं म्हणशील तर," शिवाकाका थांबले. बशी खाली ठेवली. "खरं सांगू? राग मानू नको. आनंदाचा हात बेताचाच. ताल कदी सोडलान नाय, पण हात बेताचा. ह्यो सागर त्याच्या वरताण हाय."

सागर लाजून दुसरीकडे बघायला लागला. रितेशने "बरं" म्हटलं आणि चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला.

"माणूस ग्वाड होता," शिवाकाका घाईने म्हणाले. "त्याला बाजूला घेऊन बसलं की गायला मजा यायची. गणपतीच्या म्हयनाभर आधी मुंबयवरनं निरोप धाडायचा, मिरदुंग उन्हात ठेवा, पुडीला बुरशी येईल. त्याच्यासारखा जीव कोणी लावलान नाय."

दुपारी रितेश चिरागला घेऊन आईकडे जेवायला गेला. इतकी वर्षं ज्या आवाजाच्या मापाने त्याने जगातले सगळे आवाज मोजले आणि नापास केले, तो आवाज बेताचा होता? की तो आवाज कधी नव्हताच, आणि पोरक्या पोराने मनाशीच रचलेलं ते काहीतरी होतं? चिरागनं दोन-तीनदा त्याच्याकडे पाहिलं आणि रितेश नुसताच भाकरी मोडत राहिला.

त्याची आई, मालन, तवसं, म्हणजे मोठी गावठी काकडी, चिरत होती. श्रावणात तिच्या मांडवावर तवशी लटकलेली असायची, आणि कोणीही आलं की मीठ-मिरची लावून फोडी पुढे यायच्या.

"मिळाला का तुला हवा तो आवाज?" तिने विचारलं.

"नाही. बाबांसारखं वाजत नाही. शिवाकाका म्हणतात, बाबांना बरंसं वाजवताच येत नव्हतं."

"शिवाभाऊ खरा बोलतो," मालन शांतपणे म्हणाली. "त्यांना स्वतःला पण ठावं होतं ते. पण तू रे कुठं ऐकायचास? तू तर झोपायचास."

"झोपायचो? मी गोलात बसायचो ना?"

"बसायचास कसला! त्यांच्या पाठीला चिकटायचास, पालीवाणी. दोन हातांनी बनियन धरायचास आणि गाल पाठीला. घराघरात नाच फिरायचा तसा तू पाठीला लागून फिरायचास. कोणी उचललं की रडून गोंधळ. मी न्यायला गेले तर मला म्हणायचे, ऱ्हाऊ दे त्याला, माझी पाठ शेकते."

मालन हसली. फोड तोंडात टाकून पुढची चिरायला लागली. वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाची पाठ त्या पोरानं सोडली नाही, यात तिला सांगण्यासारखं विशेष काही वाटत नव्हतं.

चिरागनं मात्र ताट बाजूला सारलं. "रितेश, तू हवेतून ऐकलेलंच नाहीस. तू हाडांतून ऐकलंयस. म्हणून तर तुला इअरफोनमध्ये सापडत नाही."

दोघं परत सहाणेवर आले तेव्हा मंडळी जेवून पानं खात होती. सागर एकटाच मृदुंगाशी चाळा करत बसला होता. रितेशने आधी इकडंतिकडचं बोलून घेतलं. मग म्हणाला, "सागरदादा, एक विचारू? विचित्र वाटेल."

"विचार की."

"तू वाजव. मी जरा तुझ्या पाठीला कान लावतो."

सागरनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा नाही हे त्याच्या ध्यानात आलं. "घाम हाय रे पाठीला," एवढंच तो म्हणाला.

"असू दे."

पलीकडे बसलेल्या नाचणाऱ्यांपैकी कोणीतरी खुसखुसलं. चाळिशीचा, रत्नागिरीत दुकान असलेला माणूस सहाणेवर मांडी घालून दुसऱ्या पुरुषाच्या बनियनला गाल लावून बसला, म्हणजे हसू येणारच. सागरनं संथ ताल धरला.

पहिल्या थापेलाच रितेशचे डोळे मिटले. धूम आली. ती कानातून आलीच नाही. गालातून आली, जबड्यातून आली, आणि छातीत जाऊन बसली. जाड, उबदार, कडा नसलेली. तिच्या मागे सागरचा श्वास होता, त्याच्या मागे हृदयाची टकटक. आणि मग आणखी काहीतरी ऐकू यायला लागलं, जे माइकमध्ये आलं नव्हतं आणि रितेशच्या आठवणीतही नव्हतं. सागर वाजवता वाजवता तोंडातल्या तोंडात मृदुंगाचे बोल म्हणत होता. ओठ मिटलेले होते. बाहेर काही येत नव्हतं. पण पाठीत ती गुणगुण स्पष्ट होती, थापेच्या जरा आधी निघणारी.

तेवढ्यात त्याला बाबांचा आवाज आठवला.

ते बोल म्हणायचे. सागरपेक्षा खालच्या पट्टीत, किंचित घोगरं, मध्येच एखादा बोल विसरून "हं, हं" करत पुढे जाणारं. आणि दोन घरांच्या मध्ये, वाद्य खांद्याला लावून चालताना, त्याच घोगऱ्या आवाजात, मान मागे न वळवता, "झोपलास काय रे?" एवढंच वाक्य. बाकी काही नाही. पण आवाज पुरता त्यांचा होता, आणि रितेशकडे तो तीस वर्षं नव्हता.

सागरनं वाजवणं थांबवलं तरी रितेश लगेच उठला नाही. मग बाहीने तोंड पुसून म्हणाला, "तू बोल म्हणतोस वाजवताना."

"मी? छट्!" सागर म्हणाला. "मी तोंड उघडत पण नाय."

चिरागला राहवेना. त्याने एक बटणाएवढा, वाद्याला चिकटवायचा माइक आणला होता. तो त्याने सागरच्या पाठीला चिकटपट्टीने लावला. रेकॉर्डिंग झालं. सगळ्यांनी ऐकलं. त्यात धुमेपेक्षा सागरच्या पोटातली गुडगुड जास्त होती, आणि सहाणेवर हसण्याचा असा काही कल्लोळ झाला की देवळामागचे बगळे उडाले. रितेशही पोट धरून हसला. त्या हसण्याने त्याला फार बरं वाटलं.

त्या हसण्याखिदळण्यातच चिरागनं हेडफोन शिवाकाकांना लावले. सकाळचा गण त्यांना ऐकवायचा होता. शिवाकाका डोळे मिटून ताठ बसले. आधी चेहऱ्यावर हसू होतं. मग ते गेलं. गाणं संपल्यावर त्यांनी बोटानेच खूण केली, परत लाव. दुसऱ्यांदा ऐकताना वरच्या सुराची जागा आली तसा त्यांचा हात हेडफोनवर घट्ट झाला.

"हितं सूर लागत नाय," ते म्हणाले.

सागरनं मृदुंग बाजूला ठेवला.

"काका, सर्दी झालीय तुम्हाला," सागर म्हणाला.

"सर्दी नाय. फाटतोय तो." शिवाकाकांनी हेडफोन काढून काळजीपूर्वक चिरागच्या हातात दिले. "मला आतनं नीट लागल्यासारखा वाटतो. कदीपास्नं असा हाय?" त्यांनी एकेकाकडे पाहिलं. नाचणारे पायातले चाळ सोडण्यात गुंतले. "म्हंजे तुमा सगळ्यांस ठावं होतं. कोण बोललंन नाय."

ते उठले, चपला घातल्या आणि उरलेली तालीम तशीच टाकून घराकडे चालू लागले. कोणी मागे गेलं नाही.

परतताना पाली मागे पडली. "मी ती जागा थोडी गोड करून ऐकवू शकलो असतो," चिराग शेवटी म्हणाला. "वरचं जरा कापलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. आपणच इमानी इमानी करत बसलो."

रितेशने गाडीची काच खाली केली. त्याला त्याचा आवाज मिळाला होता, आणि त्याच दुपारी एका म्हाताऱ्याचा आवाज त्यांनी काढून घेतला होता.

आठवड्याभराने दुकानात फोन आला. शिवाकाका होते. त्यांनी आधी मालनच्या तवशांची चौकशी केली, पावसाची केली. मग म्हणाले, "रितेश, ते रेकॉर्डिंग माझ्या सुनेच्या मोबाइलवर धाड. सगळं धाड, कापू नको काय. आणि तुज्याकडं ते कानात घालायचं असतं ना, त्यातलं एक दे. ग्वाड लागणारं नको. त्या दिशी ऐकवलंत तसं."

रितेशने पिशव्या उघडल्या. त्याने जो निवडला तो त्याच्या मंडळींत कोणाला फारसा आवडत नसे. कोरडा, रोखठोक, कुठलीच चूक न झाकणारा. लांज्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर त्याने तो पाठवला, रबरी बोंडं तीन मापांची घालून.

गणपतीला तो निशिगंधाला घेऊन गावी गेला. तोवर वाडीत बरंच काही घडून गेलं होतं. सुनेचा मोबाइल खिशात घालून शिवाकाका रोज सकाळी भाताच्या बांधावर बसायचे. ऐकायचे, कानातलं काढून तेच गायचे, परत ऐकायचे. मग एक दिवस त्यांनी सागरला बोलावून मृदुंगाची पट्टी उतरवायला लावली. दोन सूर खाली. मुंबईहून आलेल्या तरुणांना हे अजिबात पसंत नव्हतं.

"धार जाते काका," त्यातला एक म्हणाला. "खालच्या वाडीसमोर आपण मवाळ वाटू."

"धार गेली तर चालंल," शिवाकाका म्हणाले. "मला नीट गायचं हाय."

दुसरी अडचण वेगळी होती. झांजवाल्याला मुंबईत रजा मिळाली नव्हती. शिवाकाकांनी अंगणात उभ्या असलेल्या रितेशच्या हातात झांज दिली. "तू धर."

"काका, मला कुठे येतं?"

"एवढं कान लावून बसतोस जगभर. एक झांज येत नाय?"

संध्याकाळी पहिल्या घरात नाच उभा राहिला. पावसाची सर नुकतीच ओसरली होती, पागोळ्या अजून गळत होत्या. रितेश गोलात, सागरच्या डाव्या बाजूला बसला. शिवाकाकांनी खालच्या पट्टीत गण उचलला. आवाज पूर्वीसारखा नव्हता. दाणेदार झाला होता, थोडा थकलेलाही. पण सूर जिथे ठेवायचा तिथेच पडत होता. वरची जागा आली तेव्हा ते थांबले आणि झील धरणाऱ्या, म्हणजे मागून साथ गाणाऱ्या तरुणांकडे हात केला. पोरांनी ती जागा उचलली, आणि खालून शिवाकाका परत त्यांना येऊन मिळाले. ओटीवर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. निशिगंधा खांबाला टेकून उभी होती, आणि रितेशकडे अशी बघत होती जणू हा माणूस तिने नव्यानेच पाहिला.

रितेशला यातलं फार थोडं ऐकू आलं. झांज हातात असली की बाकी सगळं तिच्या किणकिणाटात बुडतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. चाळ कुठे फिरतायत, झील कोण धरतंय, कशाचा पत्ता नव्हता. पहिल्याच फेरीत तो दोनदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला तेव्हा शिवाकाकांनी गाता गाताच त्याच्याकडे डोळे वटारले, आणि सागरनं मान हलवून सम दाखवली. तिसऱ्या गाण्याला कुठे हात बसला. मग त्याने आवाजाचा विचार सोडून दिला आणि फक्त सागरच्या मानेकडे बघत वाजवत राहिला.

गाणं संपलं. घरच्या येसूबाईंनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. कोणीतरी म्हणालं, यंदा पट्टी बरी लागलीय. शिवाकाका नाही म्हणाले नाहीत. नाचणाऱ्यांनी पायातले चाळ घट्ट केले, सागरनं मृदुंगावर टॉवेल टाकला, आणि मंडळी चिखलातून खालच्या अंगाच्या घराकडे निघाली. रितेश झांजेची दोरी बोटांना गुंडाळत त्यांच्या मागे चालला. तळहात लाल झाले होते, आणि अजून अर्धी वाडी फिरायची होती.